पाचवी ते आठवीचं संगीत: वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी वर्षाचं नियोजन कसं करावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी उच्च प्राथमिकला शिकवते. येत्या जूनपासून पाचवी ते आठवीच्या चारही वर्गांचं संगीत माझ्याकडे आलंय. प्रत्येक वर्गाला आठवड्याला 35 मिनिटांच्या दोन तासिका, वर्गात 35 ते 40 मुलं. साहित्यात एक जुनी पेटी, टाळांच्या काही जोड्या, लेझमांचा संच आणि एक ढोलकी. माझी गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा ही शास्त्रीय संगीताची परीक्षा पूर्ण झालीय. केंद्रप्रमुखांनी वार्षिक नियोजन मागितलंय, आणि ते फायलीत लावण्यापुरतं करायची माझी इच्छा नाही.

आपल्याकडे शाळेतलं संगीत म्हणजे बहुतेक ठिकाणी परिपाठाची प्रार्थना, 15 ऑगस्टचं समूहगीत आणि डिसेंबर-जानेवारीतलं गॅदरिंग. त्यासाठी गोड गळ्याची दहा-बारा मुलं निवडतात. तीच मुलं पाचवीपासून आठवीपर्यंत माइकसमोर उभी राहतात. बाकीची मुलं ‘आपल्याला गाता येत नाही’ असं धरून चालतात आणि पुढे आयुष्यभर तेच म्हणतात. हे मला अजिबात पटत नाही. मराठीच्या तासाला आपण फक्त छान वाचणाऱ्यांना शिकवत नाही, मग संगीताच्या तासाला निवड कशाला? त्यामुळे माझ्या नियोजनाची पहिली अट हीच: जे शिकवायचं ते वर्गातल्या प्रत्येक मुलाला.

कागदावर वर्षाला सत्तरेक तासिका दिसतात. चाचण्या, सहामाही, क्रीडास्पर्धा, प्रशिक्षणं, निवडणुकीची कामं वजा जाता पन्नास हाती लागल्या तरी पुष्कळ. म्हणून पन्नासच धरल्यात. ढोबळ आराखडा असा:

पाचवीला लय आणि कान. केरवा, दादरा हे ताल हातापायांवर. सुरांत आधी सा आणि प, मग ग, आणि दिवाळीनंतर भूप रागाचे पाच स्वर. सहावीला पूर्ण शुद्ध सप्तक, स्वरांचे सोपे अलंकार, भजनी ठेका आणि ओवी, भारूड, गवळण यांची ओळख. सातवीला कोमल-तीव्र स्वर, यमन राग, त्रिताल आणि पोवाडा. आठवीला स्वरलिपी, म्हणजे चिन्हांत लिहिलेले सूर, वाचणं आणि गावातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांकडून काही शिकून त्याची नोंद करणं.

सणवारांचा आधार घेतलाय. आषाढीच्या सुमारास टाळ आणि अभंग, नवरात्रात भोंडला, 19 फेब्रुवारीच्या आधी पोवाडा. त्या दिवसांत ही गाणी मुलांच्या कानावर गावातही पडत असतात.

अडतंय ते इथं: सुरात न येणाऱ्या मुलांचं काय करायचं, चाळीस मुलांचं मूल्यमापन कसं करायचं, आणि स्वरलिपी नेमकी कधी सुरू करायची. अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहा.

निषाद

ताई, विषय फार चांगला काढलात. माझं मत थोडं वेगळं आहे. अभ्यासक्रम नव्याने रचण्यापेक्षा गांधर्वच्या प्रारंभिक आणि प्रवेशिका या सुरुवातीच्या परीक्षांचा तयार अभ्यासक्रम शाळेतच घेतला तर? क्रम पक्का, राग-ताल ठरलेले, शेवटी प्रमाणपत्र. दहावीला मान्य संस्थांच्या शास्त्रीय संगीत परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालकही पाठीशी उभे राहतात. खेड्यातल्या मुलाला हे शाळेत फुकट मिळालं तर त्याचं भलंच होईल.

कृष्णाकाठ

निषाद, परीक्षांबद्दल मला आदर आहे, मी स्वतः त्यातूनच शिकले. पण त्या अभ्यासक्रमात शिकणारा आपणहून क्लासला आलेला असतो, घरी रियाज करतो, आणि परीक्षकासमोर एकटा बसून गातो. माझ्या वर्गातल्या चाळीस जणांपैकी पस्तीस जणांच्या घरी पेटी नाही, आणि त्यांनी गाणं मागितलेलंही नाही. ते शाळेत आलेत आणि गाणं त्यांच्या वाट्याला येतंय. अशा वर्गाला सहा महिन्यांत दोन राग बंदिशीसकट करायला लावले तर पुन्हा तेच पाच-सहा जण पुढे जातील. ज्यांना परीक्षा द्यायची आहे त्यांना शाळा सुटल्यावर शिकवीन, आनंदाने. तासिका मात्र सगळ्यांची.

अनवट

कृष्णाकाठ यांच्याशी सहमत, पण एक आठवण करून देतो. गायक विष्णु दिगंबर पलुस्करबुवांनी 5 मे 1901 ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे नेमकं हेच होतं: गाणं घराण्यांच्या आणि दरबारांच्या उंबऱ्याबाहेर यावं, सामान्य घरातल्या मुलामुलींना शिस्तीत, वर्गात बसून शिकता यावं. त्यासाठी त्यांनी क्रमिक पुस्तकं छापली, स्वतःची स्वरलिपी तयार केली. त्याआधी 1886 मध्ये बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने गायक मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झाली होती, तिथेही लिपी आणि वर्ग होतेच. पुण्यात भास्करबुवा बखल्यांनी 1911 मध्ये भारत गायन समाज काढला. म्हणजे समूहाला संगीत शिकवण्याचा विचार आपल्याकडे सव्वाशे वर्षं जुना आहे. परीक्षांची साखळी हा त्यातला एक भाग. ‘सगळ्यांना शिकवा’ हा दुसरा भाग मात्र शाळांनी उचलायचा राहिला. ताई, तुमचं नियोजन त्या परंपरेतलंच आहे असं केंद्रप्रमुखांना बिनधास्त सांगा.

माणदेशी_गुरुजी

बाई, 'बेसूर' मुलांबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त अन्याय तिथं होतो. मी बरीच वर्षं बहुशिक्षकी शाळेत गाणी घेतोय. माझा अनुभव असा की ज्याला आपण बेसूर म्हणतो त्या मुलाला बहुतेक वेळा चुकीच्या पट्टीत, म्हणजे गळ्याला न झेपणाऱ्या उंचीवर, गायला लावलेलं असतं.

पाचवी-सहावीच्या मुलांचा आवाज साधारण पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एक या पट्टीपासून वरच्या पांढरी एकपर्यंत सहज फिरतो. त्याच्या खाली गेलं की नुसती घरघर, फार वर गेलं की किंचाळणं. आता शाळेत काय होतं? पेटीवाला स्वतःच्या गळ्याला सोयीची पट्टी धरतो. गाणं मध्य सा ते तार (वरच्या सप्तकातला) सा एवढ्यातच असेल तर पांढरी एक, काळी एक, फार तर पांढरी दोन घ्या. गाण्याचा अंतरा तार ग-म पर्यंत चढत असेल तर सा खाली उतरवून काळी चार-पाचला आणा. म्हणजे पट्टी गाण्याप्रमाणे बदलायची. ‘आमच्या शाळेची पट्टी काळी चार’ असा कायमचा नियम करून ठेवला की अर्धा वर्ग मुका होतो. परिपाठालाही हेच लागू. राष्ट्रगीत 52 सेकंदांचं आहे, पण सुरुवातच उंच धरली तर शेवटच्या ‘जय हे’ला नुसता आरडाओरडा ऐकू येतो.

दुसरं, एखाद्या मुलाचा सूर लागतच नसेल तर त्याला आपल्या सुरावर ओढू नका, आपण त्याच्या सुरावर जा. मी मुलाला सांगतो, "पलीकडच्या बांधावर तुझी आई आहे, तिला हाक मार." ‘आई...’ अशी लांब हाक मारताना मूल आपसूक एका सुरावर थांबतं. तो सूर पेटीवर शोधायचा आणि सगळ्या वर्गाने तोच सा धरून ‘आ’ म्हणायचा. त्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा आपला आवाज दुसऱ्यांच्या आवाजात मिसळल्याचं जाणवतं. तोंडावर लगेच कळतं. मग तिथून अर्ध्या-अर्ध्या सुराने वर सरकायचं. घाई नको, दोन-तीन महिने लागू देत.

आणि ‘तू नुसते ओठ हलव’ हे वाक्य शाळेतून कायमचं हद्दपार करा. ते ऐकलेलं मूल पुन्हा तोंड उघडत नाही.

सायली_पालक

गुरुजी, तुमची शेवटची ओळ वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मुलीला तिसरीत एका शाळेत हेच सांगितलं होतं. आता सातवीत आहे, घरात एकटी असली तरच गुणगुणते. अजून काही करता येईल का?

माणदेशी_गुरुजी

नक्की करता येईल, ताई. गुणगुणते म्हणजे सूर शाबूत आहे. तिला एकटीला ‘गाऊन दाखव’ म्हणू नका. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना तुम्ही एखादी ओळ म्हणा आणि मध्येच सोडून द्या. पुरी करावीशी वाटली तर ती करेल. तिच्या गाण्यावर अभिप्राय देऊ नका, चांगलाही नको. भोंडल्यासारखं फेर धरून म्हणायचं गाणं असेल तर फारच उत्तम, तिथं कुणी कुणाकडे बघत नसतं.

धाधिंधिंधा

लयीचं मी लिहितो. तबला नसला तरी काही अडत नाही, बाक हे उत्तम वाद्य आहे. पण बाकावर बडवण्याआधी पायात लय आली पाहिजे.

दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनचे दोन भाग: धा धी ना, धा ती ना. मुलांना वर्तुळात उभं करा. पहिल्या मात्रेला उजवा पाय जोरात, दोन-तीनला जागच्या जागी हलकी पावलं. चौथ्याला डावा पाय, पण हलका, आणि हात मोकळा उघडायचा, हा काल. चौथ्या मात्रेला आवाज न करणं मुलांना सगळ्यात अवघड जातं आणि तेच शिकवण्यासारखं आहे. सम (पहिली मात्रा) आणि काल पायाला कळले की पुढचे सगळे ताल सोपे. केरव्याला आठ मात्रा, चार-चारचे दोन भाग, टाळी पहिल्याला, काल पाचव्याला. सातवीत त्रिताल घ्याल तेव्हा टाळ्या 1, 5, 13 वर आणि काल 9 वर.

एक खेळ नक्की घ्या. सगळे टाळी देत दोन आवर्तनं, म्हणजे तालाचे दोन पूर्ण फेरे, करतात, तिसऱ्या आवर्तनात सगळे गप्प, मनातल्या मनात मोजायचं, आणि चौथ्याच्या समेवर सगळ्यांनी एकदम टाळी द्यायची. सुरुवातीला टाळ्या पावसासारख्या विखुरतात. महिन्याभराने चाळीस जणांची एक टाळी पडते. या खेळात गोड गळ्याचा आणि बाकीचा असा फरकच उरत नाही, म्हणून पाचवीत लय आधी घेण्याचा तुमचा निर्णय मला शंभर टक्के पटला.

भजनी ठेका शिकवायला गावातला पखवाजवाला किंवा मृदंगमणी बोलवा. वारकरी भजनी मंडळ नसलेलं गाव तुमच्या भागात सापडणं कठीण. टाळ कसा धरायचा, बंद-उघडा आवाज कसा काढायचा हे त्यांच्याइतकं कुणाला येणार?

जव्हारकर

भजनी मंडळाच्या जोडीला आमच्याकडचंही सांगतो. पालघर-डहाणू भागातल्या वारली पाड्यांवर तारपा वाजतो. वाळवलेला दुधीभोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा असं हे वाद्य. वाजवणारा मधे आणि नाचणारे कमरेत हात गुंफून भोवती. वादक श्वास तोडत नाही, नाकाने हवा घेत तोंडाने फुंकत राहतो. मुलांना हे बघताना विज्ञानही कळतं. राज्यभर एकच गाण्यांची यादी देण्यापेक्षा ‘तुमच्या दहा कोसातलं एक वाद्य आणि दोन गाणी’ असं घटकात लिहिलं पाहिजे. आमच्या मुलांना पुण्याची बालगीतं यावीत, पण आपल्या आजोबांचा तारपा शाळेत आला याचा आनंद वेगळाच असतो.

फोंडेकर

गोव्यातून लिहितोय. जव्हारकरांच्या म्हणण्याला दुजोरा. आमच्याकडे घुमट म्हणजे मातीचं, दोन्ही बाजूंनी उघडं भांडं, एका तोंडाला चामडं. पूर्वी घोरपडीचं चामडं लावत. वन्यजीव कायद्यामुळे ते बंद झालं, आता शेळीचं वापरतात. 2019 मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली. गणपतीत घुमट आरत्या घरोघरी होतात, ख्रिस्ती घरांत मांडो या कोकणी गीतप्रकारालाही घुमट साथ करतं. एकाच वाद्याभोवती वर्गातली सगळी मुलं जमतात, हे शाळेसाठी फार मोलाचं आहे. शिवाय कुंभार, चामडं, कायदा, आवाज, सण असे पाच-सहा विषय एका भांड्यातून शिकवता येतात.

शमा_नगर

फोंडेकरांनी विषय काढला म्हणून विचारते. कृष्णाकाठ, तुमच्या यादीत अभंग, भारूड, गवळण असं बरंच भक्तिपर आहे. माझ्या वर्गात मुस्लिम, बौद्ध, ख्रिश्चन, लिंगायत अशी सगळी मुलं आहेत. कुणावर लादल्यासारखं होऊ नये आणि कुणाचं गाणं राहूनही जाऊ नये, यासाठी तुम्ही काय विचार केलाय?

कृष्णाकाठ

शमाताई, फार महत्त्वाचं विचारलंत. मी यादी गाण्यांच्या घाटावरून करायचं ठरवलंय. एक जण म्हणतो आणि बाकीचे झेलतात, असे प्रकार एकत्र: अभंगातला ध्रुवपद झेलणारा समूह, कव्वालीतल्या टाळ्या आणि साथ, पोवाड्यातले झीलकरी, भीमगीतांचा कोरस. मुलांनी ऐकायचं की म्होरक्या कुठं थांबतो, समूह कुठं उचलतो, कुठं लय दुप्पट होते. मग वारकरी परंपरेत श्रीगोंद्याचे शेख महंमद येतात, शाहिरीत बार्शीचे अमर शेख येतात. अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं, गिरणगावात त्यांच्या शाहिरीला हजारो माणसं जमत. वामनदादा कर्डकांची गाणी तर माझ्या वर्गातल्या कितीतरी घरांत रोज वाजतात, पण शाळेत त्यांचं नाव निघत नाही. ते निघालं पाहिजे. गाणं म्हणायचं की नुसती लय धरायची हे मात्र मुलावर सोडणार. वर्गात लय धरणाऱ्यालाही तितकंच काम असतं.

शमा_नगर

पटलं. कव्वालीच्या टाळीसाठी माझ्याकडून हवी ती मदत घ्या, आमच्या घरात ती लहानपणापासून आहे.

लेस्टरहून

मी इंग्लंडमधल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते, मूळची कोल्हापूरची. इथल्या शिक्षण खात्याने मार्च 2021 मध्ये संगीताचा एक आदर्श अभ्यासक्रम काढला. तो बंधनकारक नाही, पण साधारण चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्याला किमान एक तास संगीत असावं असं त्यात म्हटलंय. त्यात गाणं, ऐकणं, सादर करणं यांच्या बरोबरीने स्वतः रचना करणं पहिल्या वर्षापासून आहे. पाच वर्षांचं मूलही दोन-तीन सुरांत काहीतरी स्वतःचं रचतं. तुमच्या आराखड्यात मला तेवढंच दिसलं नाही.

स्वरलिपीबद्दल: इथं हंगेरीचे संगीतकार कोडाय यांच्या पद्धतीचा पुष्कळ प्रभाव आहे. आधी गाणं कानात आणि गळ्यात बसवायचं, चिन्ह मागून. प्रत्येक स्वराला हाताची एक खूण असते, हात सुराबरोबर वरखाली जातो. शिवाय त्यांच्या पद्धतीत ‘डो’ हा पहिला स्वर सरकता, म्हणजे आपल्या सा सारखाच. सा कुठेही धरता येतो ही गोष्ट इथल्या शिक्षकांना प्रशिक्षणात शिकावी लागते, आपल्या मुलांना ती मुळातच मिळते.

कृष्णाकाठ

तुमचा मुद्दा लगेच घेतला, रचना पाचवीपासूनच आणते. भूप त्यासाठी फार योग्य आहे: सा रे ग प ध, म आणि नि नाहीत, त्यामुळे मुलांनी स्वर कसेही लावले तरी कानाला बोचत नाही. पाच जणांच्या गटाला एक ओवीसारखी दोन ओळींची रचना द्यायची आणि सांगायचं, याला चाल लावा. शेवट सा वर करायचा, एवढीच अट. सहावीला दुर्गा, म्हणजे ग काढायचा आणि म घ्यायचा. तीच रचना दुर्गेत म्हणून बघितली की एक स्वर बदलल्याने रंग कसा पालटतो हे व्याख्येशिवाय कळतं.

हातांच्या खुणांऐवजी मी सध्या अंगावरचे स्वर करते: सा कमरेला, प खांद्याला, तार सा डोक्यावर. मागच्या रांगेतल्या मुलालाही दिसतं.

निषाद

मग लिपी आठवीलाच? मला वाटतं सातवीपासून घ्यावी. भातखंडे लिपी फार सोपी आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र म च्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र (खालच्या सप्तकातल्या) स्वराला खाली टिंब, तार स्वराला वर टिंब. सातवीत तुम्ही कोमल-तीव्र शिकवणारच आहात, तेव्हाच रेघ दाखवली तर ती डोक्यात बसते. आठवीपर्यंत थांबलात तर वाचनाचा सराव करायला वर्ष अपुरं पडेल.

अनवट

निषाद यांचं बरोबर आहे. फक्त सुरुवात लिहिण्याने करा, वाचण्याने नको. मुलांनी स्वतः लावलेली चाल पुढच्या आठवड्यात विसरू नये म्हणून ती लिहून ठेवायची, अशी गरज निर्माण झाली की लिपी ओझं वाटत नाही.

कृष्णाकाठ

ठरलं, लिपी सातवीच्या दुसऱ्या सत्रापासून.

माणदेशी_गुरुजी

सातवी-आठवीचं आणखी एक. मुलग्यांचा आवाज फुटायला लागतो. कालपर्यंत पुढे गाणारा पोरगा अचानक तोंड मिटतो, आणि वर्ग हसला तर संपलंच. वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्या वर्गाला सांगा की स्वरयंत्र वाढतंय, पट्टी उतरतेय, यात लाजण्यासारखं काही नाही. त्या दिवसांत त्याला पाच-सहा सुरांत बसणारं गाणं द्या, खालच्या पट्टीत. पोवाडा यासाठी उत्तम, कारण त्यात बोलण्याजवळचा सूर चालतो. नाहीतर डफ, तुणतुणं हातात द्या. त्याला गटाबाहेर मात्र काढू नका.

अनुराधा_विशेष

मी विशेष शिक्षिका आहे. तुमच्या वर्गात श्रवणदोष असलेलं मूल असेल तर डग्गा किंवा ढोलकी लाकडी बाकावर ठेवून वाजवा आणि मुलाचा तळहात बाकावर टेकवा. सम हाताला कळते. धाधिंधिंधा यांनी सांगितलेला गप्प आवर्तनाचा खेळ ही मुलं कित्येकदा इतरांपेक्षा पक्का खेळतात, कारण ती डोळ्यांनी सगळ्यांचे खांदे बघत असतात. अंध मुलाला पेटीजवळ बसवा आणि पट्ट्या हाताळू द्या. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना टाळांचा आवाज सहन होत नाही कधी कधी, त्यांना दाराजवळची जागा आणि बाहेर जायची मुभा ठेवा.

कृष्णाकाठ

अनुराधाताई, मनापासून धन्यवाद. सहावीत एक मुलगी आहे, तिच्यासाठी हे जूनपासूनच करते.

मूल्यमापनाबद्दल कुणी सांगेल का?

केंद्रशाळा

कला विषयाला लेखी संकलित चाचणी नाही, सगळं आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात चालणारं, मूल्यमापन आहे, ही सोय नीट वापरा. निरीक्षण, प्रात्यक्षिक, उपक्रम ही साधनं तुमच्या कामाची. चाळीस मुलांना एकेकटं गायला लावलं तर चार तासिका जातात, आणि निम्मी मुलं घाबरतात. प्रत्येक तासाला फक्त पाच मुलांकडे बघायचं असं ठरवा. वर्ग नेहमीसारखा चालू, तुमचं लक्ष त्या पाच जणांवर, आणि तास संपल्यावर वहीत एकेक ओळ. आठ तासांत, म्हणजे महिन्याभरात, एक फेरी पूर्ण होते.

नोंद वर्णनात्मक ठेवा. ‘गोड आवाज’ असं लिहू नका, ती देणगी आहे, शिकणं नव्हे. ‘जूनमध्ये सम चुकत होती, ऑगस्टमध्ये दुसऱ्याला दाखवतो’, ‘गटाच्या चालीत शेवटची ओळ हिने सुचवली’, ‘दुसरे गात असताना शांतपणे ऐकतो’ असं लिहा. श्रेणी यातूनच निघते आणि पालकांना दाखवायलाही काहीतरी राहतं.

सायली_पालक

पालक म्हणून सांगते, अशी एक ओळ मिळाली तर मी प्रगतिपुस्तक जपून ठेवेन.

जव्हारकर

गॅदरिंगचं काय करणार? मुख्याध्यापक आणि गाव दोघांनाही सिनेमातली गाणी लावून नाच हवा असतो.

कृष्णाकाठ

मुख्याध्यापकांशी बोलले. पेनड्राइव्हवरच्या गाण्यांवरचे नाच पूर्ण बंद होणार नाहीत, पण प्रत्येक वर्गाचा एक कार्यक्रम असा असेल की ज्यात वर्गातलं एकही मूल वगळलेलं नाही आणि सगळं संगीत मुलांचंच आहे. पाचवी लेझीम आणि केरवा, सहावी भारूड, सातवी पोवाडा, आठवी स्वतःच्या चाली. त्यासाठी वेगळी तालीम लागत नाही, कारण वर्षभर वर्गात जे चाललंय तेच मंचावर येतं. तालमींसाठी डिसेंबरात गणित-विज्ञानाचे तास जात नाहीत म्हटल्यावर बाकीचे शिक्षकही खूश झाले.

आठवीच्या गावातल्या नोंदींसाठी कुणाला काही सुचतंय का? मुलांच्या हाती घरचे मोबाइल असतात.

अनवट

जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या आता ग्रामीण भारतावरच्या ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात, गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव यांसकट. आधी वर्गात दोन-तीन ऐकवा. मग मुलांनी आपल्या आजीला विचारायचं. आजीचं नाव, माहेर, ओवी कुठे शिकली, दळताना की कांडताना की बारशाला म्हणायची, एवढं लिहून आणायचं. रेकॉर्ड करण्याआधी तिची परवानगी घ्यायची आणि तिला आधी ऐकवायचं, हे नियोजनातच लिहा. नंतर त्या ओवीचे सूर शोधून लिपीत लिहायचे. सातवीत शिकलेली लिपी इथं कामाला येते.

धाधिंधिंधा

आणि आठवीची सहल मिरजेला न्या. साताऱ्याहून फार लांब नाही. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कारखान्यात कडू भोपळ्यांच्या राशी, दांड्या, जवारी लावणारे (तारेचा झंकार जुळवणारे) कारागीर, सगळं डोळ्यांसमोर. घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) तारेखाली सुताचा धागा सरकवला की तानपुऱ्याचा आवाज कसा खुलतो ते मुलांनी एकदा ऐकलं पाहिजे. ‘सा’ म्हणजे एकच आवाज, असं पेटीवर वाटतं. तानपुऱ्यात त्या एका सा मधून वरचे सूर ऐकू येतात. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीवर बंदी घातली होती, तिचे सूर बांधीव असतात हे त्यामागचं एक कारण. म्हणून वर्गातसुद्धा पेटी गाण्यामागून न वाजवता फक्त सा द्यायला वापरा, मोबाइलवर तानपुरा लावा, आणि मुलांना स्वतःच्या कानाने सूर शोधू द्या.

कृष्णाकाठ

मिरज नक्की. दिवाळीनंतर थंडीत न्यायचा विचार करते. पूर्ण वर्गाला एकदम दुकानात जागा होणार नाही, तेव्हा दहा-दहाचे गट करावे लागतील. कुणाची कारागिरांशी ओळख असेल तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा.

तोपर्यंत पाचवीच्या पहिल्या चार तासिका अशा लिहिल्यात, चुका दाखवा. पहिली: डोळे मिटून दोन मिनिटं आवारातले आवाज ऐकायचे, मग सांगायचं की कुठला उंच, कुठला खालचा, कुठला लयीत. हापशाचा दांडा लयीत येतो, हे मुलं स्वतःच सांगतील असं वाटतंय. दुसरी: वर्तुळात दादरा, नुसता पायांनी. तिसरी: गुरुजींची हाक, प्रत्येकाचा सूर शोधून वहीत पट्टी लिहून ठेवणं, रोज दहा मुलं. चौथी: दादऱ्यात दोन ओळींचं पावसाचं गाणं, काळी एकमध्ये, पेटी फक्त सुरुवातीला.

माणदेशी_गुरुजी

तिसऱ्या तासिकेत दहा जास्त होतात, सहा घ्या. आणि पहिली हाक वर्गातल्या सगळ्यात धीट पोराला मारू द्या, तुम्ही नका मारू. बाकी आराखडा केंद्रप्रमुखांना द्यायला हरकत नाही.